वर्षाचं भरावं की महिन्याचं?

एप्रिल उजाडला की हा प्रश्न घरोघरी निघतो. नव्या घरात राहायला गेलेली मुलगी आईला फोन करून विचारते, "आई, गहू वर्षाचा भरू की दर महिन्याला आणू?" आईकडे उत्तर तयार असतं, पण ते तिच्या घराचं उत्तर असतं. त्या घराला गच्ची होती, कोठीची खोली होती आणि दुपारच्या उन्हात पाखरं हाकत बसायला माणूस होतं. मुलगी सहाव्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते आणि सकाळी आठला कामावर जाते. तिला उत्तर हवं असेल तर आधी काही गोष्टी समजून घ्याव्या लागतील. घराला नेमकं लागतं किती, डब्यात भरलेल्या धान्याचं पुढे काय होतं, किडे येतात कुठून आणि पैसे खरंच वाचतात का, या त्या गोष्टी. त्या आपण क्रमाने पाहू.

१. साठवण आली कुठून?

आपल्याकडे साठवणीचं कॅलेंडर पावसाने ठरवलं. चार महिने ऊन नाही, लाकूड ओलं, ओढ्यानाल्यांना पाणी, बाजाराची वाट बंद. त्यामुळे मे महिन्यात घर भरून घ्यायचं. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत याला 'आगोट' म्हणतात. मिरची, मसाले, कांदे, चिंच, कोकम, मीठ यांबरोबर सुके बोंबील, जवळा, सोडे, सुकट घरात येतं, कारण पावसात समुद्रात जाता येत नाही. आजही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. म्हणजे आगोट ही नुसती जुनी आठवण नाही, तिच्यामागे आजचा नियम आहे. गोव्यात याच खरेदीला 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्द तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या सुमारास पुरुमेंताचा बाजार भरतो आणि लोक सोलं, मिरची, खारं घेऊन घरी जातात.

देशावर कारण थोडं वेगळं होतं. तिथे ज्वारी आणि गहू फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येतात. सुगीत माल भरपूर आणि भाव उतरलेला, म्हणून तेव्हाच वर्षाचं भरायचं.

थोडक्यात, साठवणीला दोन कारणं होती. एक, वाट बंद होणं. दोन, सुगीचा भाव. पहिलं कारण शहरात जवळजवळ उरलं नाही, तरी ते सगळीकडून गेलेलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पुराचा वेढा पडला, तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. घाटातल्या वाड्यांना, नदीकाठच्या गावांना ही बेगमी आजही लागते. पुण्यातल्या कोथरूडला ती तितकी लागत नाही. आपण कुठे राहतो, याचा विचार सगळ्यात आधी करायचा तो यासाठी.

२. घराला लागतं किती?

बहुतेक घरांत हा आकडा कुणालाच माहीत नसतो. "एक पोतं भरतो" असं सांगतात. पोतं हे दुकानदाराचं माप झालं, आपल्या घराचं नव्हे.

माप काढणं अवघड नाही. समजा, चार माणसांच्या घरात एका वेळेला १० पोळ्या, म्हणजे दिवसाला २० पोळ्या होतात. मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागतं. २० गुणिले ३० म्हणजे दिवसाला ६०० ग्रॅम. वर्षातले काही दिवस भाकरी असते, काही दिवस गावाला जाणं असतं, कधी बाहेर जेवणं होतं. म्हणून ३०० दिवस धरू. ६०० ग्रॅम गुणिले ३०० म्हणजे १८० किलो. या घराने सवयीने अडीच क्विंटल भरला, तर पुढच्या सुगीला ७० किलो जुना गहू कोठीच्या तळाशी उरलेला असेल. किड्यांची सुरुवात तिथूनच होते.

तेल, साखर, चहा, साबण यांचं माप याहून सोपं. पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहायची आणि संपलं की तीही लिहायची. तीन महिन्यांत घराचा खरा हिशेब हातात येतो. मी हे केलं तेव्हा कळलं की आमच्याकडे साखर मला वाटत होती त्याच्या जेमतेम निम्मी लागते.

३. धान्य श्वास घेतं

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. गव्हाचा दाणा मेलेला नसतो. पेरला की उगवतो, म्हणजे आत जीव आहे. तो जीव अगदी संथपणे श्वास घेत असतो. हवेतला ऑक्सिजन घ्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ व थोडी ऊब बाहेर टाकायची, असं त्याचं चाललेलं असतं. दाणा कोरडा असेल तर हा श्वास इतका मंद असतो की वर्षभर काही बिघडत नाही. दाणा ओलसर असेल तर श्वास वाढतो, ऊब वाढते, वाफ वाढते, त्या ओलीने श्वास आणखी वाढतो. मग कोठीत हात घातला की मधलं धान्य गरम लागतं. अशा धान्याला लवकरच बुरशी येते आणि कुबट वास मारू लागतो.

हवा कोंडली की काय होतं ते बघायचं तर सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद असलेलं कोठार. त्यात हळद भरून तोंड बंद करतात. बंद पेवातला ऑक्सिजन हळूहळू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. किड्याला जगायला हवाच मिळत नाही, त्यामुळे माल वर्षानुवर्षं टिकतो. पण तीच हवा माणसालाही मारते. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आधी ते तासन्‌तास उघडं ठेवतात, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. कंदील विझला तर आत माणसाला श्वास घेण्यासारखी हवा नाही, असं समजतात. शास्त्र न शिकलेल्या माणसांनी शोधलेली ही परीक्षा मला फार मोठी वाटते. याच पेवांपैकी कित्येक पेवं २००५ च्या पुरात पाणी शिरून निकामी झाली. साठवणीची जागा कितीही उत्तम असली तरी ओल शिरली की संपलं.

मग धान्य किती कोरडं हवं? लांब मुदतीसाठी दाण्यात सुमारे १२ टक्के किंवा त्याहून कमी ओलावा असावा, असं मानतात. म्हणजे १०० किलो गव्हात १२ किलो पाणी असतंच, ते आपल्याला दिसत नाही एवढंच. घरात मोजायचं यंत्र नसतं, पण दात असतात. चार दाणे दाढेखाली धरा. कट्‌कन आवाज होऊन दाणा फुटला तर गहू वाळला. आवाज न होता दाणा चेपला, तर त्याला अजून ऊन हवं. माझी आजी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची. वाळलेल्या गव्हात हात सरसर आत जातो, सर्दावलेल्या गव्हात अडतो. मग ती मूठभर दाणे काढून एक दाढेखाली टाकायची आणि आवाज ऐकून ठरवायची.

ऊन देताना एक चूक हमखास होते. दुपारी तापलेलं धान्य तसंच गरम गरम डब्यात भरून झाकण लावतात. रात्री डबा गार होतो, आतल्या गरम हवेतली वाफ पत्र्याला पाण्याच्या थेंबांच्या रूपात धरते आणि ते पाणी वरच्या थरात झिरपतं. दिवसभराची मेहनत वाया जाते. धान्य सावलीत पसरून पूर्ण निवू द्या आणि मगच भरा. भरताना डबा शक्यतो गच्च भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. आणि पत्र्याची कोठी थेट फरशीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. पावसाळ्यात फरशी आणि भिंत दोन्ही ओल धरतात. खाली लाकडी पाट सरकवला तरी पुरतं.

४. किडे येतात कुठून?

"भरताना एकही किडा नव्हता, श्रावणात अचानक झाले," असं घरोघरी ऐकू येतं. यातला 'अचानक' हा शब्द चुकीचा आहे. किडे आपोआप होत नाहीत. ते आपल्याबरोबरच घरात येतात, फक्त दिसत नाहीत.

गहू-तांदळात होणारा सोंडवाला बारीक तपकिरी किडा घ्या. याला कुठे पोरकिडा म्हणतात, कुठे टोका, कुठे सोंडा. मादी सोंडेने दाण्याला बारीक खड्डा पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट द्रवाने खड्डा बुजवते. दाणा बाहेरून साबूत दिसतो. अळी आतच वाढते, आतलं खात राहते आणि उबदार हवेत साधारण महिन्याभराने पूर्ण किडा होऊन दाणा फोडून बाहेर पडते. गव्हाच्या दाण्याला दिसणारं भोक म्हणजे किड्याची आत शिरण्याची वाट नसते, ती बाहेर पडण्याची वाट असते. भोक दिसलं तेव्हा आतलं खाऊन झालेलं असतं.

आता 'अचानक'चा हिशेब करू. एक मादी आयुष्यात ३०० ते ४०० अंडी घालू शकते. सगळी जगत नाहीत, म्हणून आपण हात राखून महिन्याला दहापट वाढ धरू. मे महिन्यात कोठीत १० किडे आहेत आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जूनमध्ये १००, तेही तळाशी. जुलैत १,०००. ऑगस्टमध्ये १०,०००, आणि आता झाकण उघडताच ते कडेने चढताना दिसतात. श्रावणात दिसलेली गोष्ट चैत्र-वैशाखातच सुरू झालेली असते. म्हणून पावसाळा सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी तळाचं मूठभर धान्य काढून पाहायला हवं. वरवर पाहून काही कळत नाही.

कडधान्यांचा किडा वेगळा. मूग, चवळी, हरभरा यांच्या दाण्यावर कधी खसखशीपेक्षाही बारीक पांढरा ठिपका चिकटलेला दिसतो. तो भुंगेऱ्याच्या अंड्याचा ठिपका. हा भुंगेरा शेतात उभ्या पिकाच्या शेंगांवरही अंडी घालतो, म्हणजे कीड शेतातूनच घरी येते. त्याला वाढायला अख्खा दाणा लागतो. त्यामुळे डाळ त्याच्या हल्ल्यातून बरीचशी वाचते आणि अख्खं कडधान्य जास्त किडतं. जागा थोडी असेल तर वर्षाची डाळ भरा, कडधान्यं मात्र दोन-तीन महिन्यांचीच आणा.

डाळी-कडधान्यांना एरंडेल किंवा गोडेतेल चोळायची रीत किती बरोबर आहे, तेही इथे कळतं. किलोला चमचाभर तेल दोन्ही हातांनी नीट चोळलं की दाण्यावर पातळ थर बसतो. त्या थराखाली अंड्याला श्वास घेता येत नाही आणि ते मरतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा बिब्बे बाहेरून येणाऱ्या किड्याला काही प्रमाणात दूर ठेवत असतील, पण दाण्याच्या आत असलेल्या अळीला ते काही करू शकत नाहीत. त्या अळीवर दोनच घरगुती उपाय आहेत, उष्णता आणि थंडी. कडक उन्हात पातळ थर पसरून धान्य हाताला चटका बसेल इतकं तापू द्यायचं, हा एक. थोडं धान्य असेल तर पिशवीत बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं, हा दुसरा. रवा भाजून ठेवायची सवय याच कारणाने शहाणपणाची आहे.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. धान्यात टाकायच्या म्हणून बाजारात ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात, त्या राहत्या घरात कधीही वापरू नका. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन नावाचा अतिशय विषारी वायू निघतो. बंद खोलीत झोपलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, त्या वायूने दगावली आहेत. त्या गोळ्या गोदामांसाठी आहेत आणि तिथेही जाणत्या माणसाच्या हातीच असायला हव्यात. दोन पोती गहू किडला तर किडू द्या.

५. दळलं, फोडलं, उघडलं की मुदत लागते

अख्ख्या दाण्याला साल असतं. साल आहे तोवर आतलं तेल आणि हवा यांची गाठ पडत नाही. जात्याखाली दाणा फुटला की ती गाठ पडते. बाजरीच्या पिठाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गव्हापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे पीठ काही दिवसांतच कडू होतं. अख्खी बाजरी मात्र महिनोन्‌महिने चांगली राहते. म्हणून साठवायचं ते धान्य, पीठ फक्त आठ-दहा दिवसांचं.

शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ, मसाले यांनाही हाच न्याय. तेलकट पदार्थ हवा, उजेड आणि उष्णता या तिघांमुळे खवट होतो. गॅसच्या शेजारच्या कट्ट्यावर पारदर्शक बरणीत तेल ठेवणं म्हणजे तिन्ही एकदम देणं. मीठ आणि साखर खराब होत नाहीत, त्यांना फक्त ओल लागते. साबण उलट वाळून जास्त टिकाऊ होतो, तो हवा तर सहा महिन्यांचा घ्या. कपडे धुण्याची पावडर मात्र दमटपणात दगड होते. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका. कांद्याला वारा हवा, बटाट्याला अंधार. उजेडात हिरवा पडलेला बटाटा खाऊ नये, त्यात अपायकारक द्रव्य तयार झालेलं असतं.

पाकिटावरच्या तारखांबद्दल एवढंच. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खाऊ नका. पहिल्या तारखेनंतर वास-चव पाहून ठरवता येतं, दुसऱ्या तारखेनंतर नाही.

६. पैसे वाचतात का?

आकडे हिशेबापुरते धरू. सुगीत गहू ३६ रुपये किलो आहे आणि वर्षभर थोडा थोडा आणला तर सरासरी ४१ रुपये पडतो. १८० किलोंचे एकदम ६,४८० रुपये होतात, थोडा थोडा घेतला तर ७,३८०. फरक ९०० रुपये. आता पुढचा हिशेब. पैसे एकदम गुंतले आणि सरासरी सहा महिने अडकून राहिले. बँकेत सहा टक्क्यांनी सुमारे १९५ रुपये व्याज आलं असतं. उरले ७०५. त्यात १० किलो गहू किडला, तर ३६० रुपये गेले. उरले ३४५. २५ किलो किडला तर ९०० रुपयांचा सगळा फायदाच संपला, वर व्याजही गेलं. आणि चाळणं, निवडणं, ऊन देणं, दळण आणणं हे श्रम कुणी धरलेच नाहीत. ते बहुधा घरातल्या बाईच्या वाट्याला येतात आणि हिशेबात कधीच दिसत नाहीत.

म्हणून माझं मत असं. जागा कोरडी असेल, ऊन देता येत असेल आणि घरातली सगळी माणसं हात लावणार असतील, तर वर्षाचा गहू-तांदूळ भरावा. तांदूळ तर जुना झाला की जास्त मोकळा शिजतो. यातलं एक जरी नसेल तर दोन महिन्यांचं भरणं जास्त शहाणपणाचं.

७. दुकान रिकामं का होतं?

२४ मार्च २०२० च्या रात्री आठला २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि तासाभरात किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. तेव्हा अनेकांनी म्हटलं, लोक हावरट झाले. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे.

एका वस्तीत १,००० घरं आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला तेलाची एक मोठी पिशवी घेतं, असं धरा. दुकानदार रोज साधारण ३३ पिशव्या विकतो आणि तेवढाच माल मागवतो. एका संध्याकाळी ३०० घरांनी फक्त एकेक पिशवी आगाऊ घेतली. कुणीही दहा घेतल्या नाहीत. तरी नऊ दिवसांचा माल एका रात्रीत गेला. फळी रिकामी दिसली की उरलेली ७०० घरं घाबरून धावतात. वस्तीत तेल कमी झालेलं नाही, ते दुकानातून कपाटात गेलं एवढंच. पण रोज संध्याकाळी हातावरच्या पैशातून दहा-वीस रुपयांचं तेल नेणाऱ्या बाईला कपाट नसतं. रिकामी फळी खऱ्या अर्थाने तिच्यासाठी रिकामी असते.

म्हणून साठा करायचा तो साध्या दिवसांत, थोडा थोडा, घरात नेहमी पंधरा दिवसांचं पुढे राहील एवढा. ज्याच्या घरात पंधरा दिवसांचं आहे, त्याला त्या रात्री रांगेत उभं राहायची गरज नाही. तो रांगेत नसल्यामुळे तिच्यासाठी एक पिशवी उरते. भीतीच्या दिवशी केलेली खरेदी शेजाऱ्याच्या ताटातून होते.

८. पाणी, पूर आणि वरची फळी

पूर येणाऱ्या गावांत मोठा साठा तळमजल्यावर असणं हीच आपत्ती असते, भिजलेला गहू दोन दिवसांत मोड धरतो. तिथे वरच्या फळीवर एक वेगळा डबा ठेवावा. त्यात न शिजवता खाता येईल असं म्हणजे फुटाणे, शेंगदाणे, गूळ, बिस्किटं असावीत, शिवाय घरात नेहमी लागणारी पंधरा दिवसांची औषधं, बॅटरी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी. पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरा. चार माणसांना तीन दिवसांचं म्हणजे ३६ लिटर. दोन कळश्या आणि थोडं वर.

पाण्याच्या साठ्यालाही पाळत लागते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. कडा घासूनच काढाव्या लागतात.

आता उठा आणि स्वयंपाकघरातला सगळ्यात मागे गेलेला डबा काढा. त्यातलं मूठभर ताटात ओता आणि उजेडात नीट पाहा. चांगलं असेल तर डब्यावर आजची तारीख लिहा आणि तो पुढे आणा. नवीन आणाल ते त्याच्या मागे ठेवा.